समुद्रावर ओढलेली लाल रेघ

तुमच्या घरात कॉलेजला जाणारं कुणी असेल, तर एक दिवस ते तुमच्यासमोर येऊन म्हणेल, "पाचशे रुपये दे ना, पोस्टर छापायचंय." तुम्हाला वाटेल, चित्रकलेची स्पर्धा असेल. माझ्या आईला तसंच वाटलं होतं. खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हतं. बीए इंग्रजीच्या तिसऱ्या वर्षाला असताना, २०२३ च्या फेब्रुवारीत, मी विद्यापीठाच्या पोस्टर सत्रात पहिल्यांदा उभी राहिले आणि तेव्हाच कळलं की हा नेमका काय प्रकार असतो.

एका मोठ्या हॉलमध्ये ओळीने बोर्ड उभे केलेले असतात. प्रत्येक बोर्डावर एका अभ्यासाचा सारांश लावलेला असतो आणि शेजारी तो अभ्यास करणारे विद्यार्थी उभे असतात. लग्नाच्या रिसेप्शनमध्ये नवरा-नवरी उभी असतात ना, साधारण तसंच. फक्त इथे येणारा माणूस आहेर देत नाही, प्रश्न विचारतो. आणि निम्मी माणसं तर तेही करत नाहीत. तुमच्याकडे बघून हसतात आणि पुढच्या बोर्डाकडे जातात. भाषण असलं की समोरचे निदान खुर्चीत अडकलेले असतात. पोस्टरपुढे कुणीच अडकलेलं नसतं. जो थांबेल त्याला दोन-तीन मिनिटांत सगळं सांगायचं असतं.

आमच्या गटाचं नाव होतं 'आंतरराष्ट्रीय घडामोडी'. तुम्ही म्हणाल, इंग्रजी साहित्याच्या मुलीचं तिथे काय काम? काम माझ्या मैत्रिणीचं होतं. ती राज्यशास्त्राची. तिला एक जोडीदार हवा होता, ज्याला इंग्रजी बरं लिहिता येतं. मी बडोद्याची मराठी मुलगी, ती सौराष्ट्रातली गुजराती. तिचं आजोळ उनाजवळ, समुद्राकाठी. विषय तिथूनच आला.

दर वर्षी १ जानेवारीला, आपण एकमेकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवत असतो तेव्हा, भारत आणि पाकिस्तान एकमेकांना दोन याद्या देतात. एक अणुप्रकल्पांची. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही, असा १९८८ चा करार आहे, त्यानुसार ती दिली जाते. दुसरी यादी माणसांची. तुमचे इतके नागरिक आमच्या तुरुंगात आहेत, हे त्यात लिहिलेलं असतं. ही यादी २००८ च्या करारानुसार वर्षातून दोनदा, १ जानेवारीला आणि १ जुलैला दिली जाते. दोन्ही देशांचे संबंध कितीही ताणलेले असले तरी हे चालू असतं.

१ जानेवारी २०२३ ला पाकिस्तानने दिलेल्या यादीत ५१ साधे नागरिक होते आणि ६५४ मच्छीमार. म्हणजे पाकिस्तानच्या तुरुंगात असलेल्या दर दहा भारतीयांमधले नऊ जण मासे पकडायला गेलेले.

मला हा आकडा वाचून धक्का बसला. मैत्रिणीला अजिबात बसला नाही. ती म्हणाली, "आमच्याकडे प्रत्येक गावात असं एखादं घर असतंच."

हे कसं होतं, ते थोडक्यात सांगते, कारण पोस्टरपुढे हेच मला वीस-पंचवीस वेळा सांगावं लागलं.

गुजरातच्या कच्छमध्ये सर क्रीक नावाची खाडी आहे. सुमारे ९६ किलोमीटर लांब, दलदलीची, भरती-ओहोटीला रूप बदलणारी. तिच्या एका बाजूला कच्छ आणि दुसऱ्या बाजूला सिंध. १९१४ साली कच्छचे राव आणि सिंधचं प्रशासन यांच्यातल्या वादावर तेव्हाच्या मुंबई सरकारने एक ठराव केला. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. म्हणजे हा आपल्याच एका दफ्तरातला कागद. त्या ठरावाचा आणि सोबतच्या नकाशाचा अर्थ दोन देश आज वेगवेगळा लावतात. पाकिस्तान म्हणतं, सीमा खाडीच्या पूर्व काठावरून जाते. भारत म्हणतो, ती खाडीच्या मधल्या प्रवाहातून जाते. जमिनीवरची सीमा जिथे संपते तिथूनच समुद्रातली सीमा सुरू व्हायची. ते टोकच ठरलेलं नाही, म्हणून पुढे समुद्रातही दोघांना मान्य असलेली सीमा नाही.

आणि त्याच समुद्रात ओखा, पोरबंदर, वेरावळ या बंदरांमधून बोटी जातात. बोटीवर एक तांडेल आणि काही खलाशी. खलाशी फक्त सौराष्ट्रातले नसतात. दीवचे असतात, आणि आपल्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुणही हंगामात गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. मासे जिकडे, तिकडे जाळं. रात्री वारा आणि प्रवाह बोट कुठे नेईल, सांगता येत नाही. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाची बोट आली की सगळे कराचीच्या तुरुंगात.

यावर कायदा नाही असंही नाही. समुद्राच्या कायद्याबद्दल संयुक्त राष्ट्रांचा १९८२ चा करार आहे. भारत आणि पाकिस्तान दोघांनी तो मान्य केलेला आहे. त्याचं कलम ७३ सांगतं की दुसऱ्या देशाच्या आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात, मासेमारीचा नियम मोडला, तर दोन देशांमध्ये तसा वेगळा करार असल्याशिवाय तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. आणि २००८ चा करार म्हणतो की शिक्षा संपली आणि माणूस कुठल्या देशाचा हे नक्की झालं, की महिन्याभरात त्याला घरी पाठवायचं. त्या जानेवारीत भारत सरकारने पाकिस्तानला सांगितलं होतं की असे ६३१ मच्छीमार आहेत ज्यांची शिक्षा संपली आहे आणि ते भारतीय असल्याचंही नक्की झालं आहे, त्यांना सोडा. ६५४ पैकी ६३१. महिन्याभराचा नियम असलेली माणसं.

एवढं सगळं आमच्याकडे जमलं. मग मैत्रीण म्हणाली, "आकडे सगळेच लावतील. आपण कुणाशी तरी बोलू या."

तिच्या मामांनी एका बाईंचा नंबर दिला. त्यांचा नवरा खलाशी, पकडला गेला त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. आम्ही त्यांचं आणि गावाचं नाव कुठेही लिहिणार नाही असं सांगितलं, तेव्हा त्या बोलायला तयार झाल्या. मैत्रीण गुजरातीत विचारत होती, मी लिहून घेत होते.

नवरा पकडला गेल्याचं त्यांना कुणी अधिकाऱ्याने कळवलं नव्हतं. सोबतची दुसरी बोट परत आली, तिच्यावरच्या माणसांनी सांगितलं. पहिलं पत्र कित्येक महिन्यांनी आलं. त्यात त्याने स्वतःबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या आणि बाकी सगळं विचारलं होतं. गळणारं छप्पर दुरुस्त केलं का, शेठकडून हंगामाचा राहिलेला पगार मिळाला का, मोठा शाळेत जातो का. त्या सकाळी मासळी साफ करायच्या कामाला जात होत्या. पगार मिळाला का, असं मैत्रिणीने विचारलं, तर म्हणाल्या, "शेठची बोटच गेली बेटा, तो कुठून देणार?"

मी एवढंच विचारायला सांगितलं की त्यांना पाकिस्तानचा राग येतो का. मला वाटलं होतं, पोस्टरवर लावायला एखादं जोरदार वाक्य मिळेल. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "राग कुणाचा करू? तिकडच्या बोटीही आपले लोक पकडतात. तिकडच्या बायकाही अशाच बसल्या असतील."

मी ते वहीत लिहून घेतलं आणि पोस्टरवर घेतलं नाही.

का नाही घेतलं, ते सांगते. तुम्ही शाळेत सारांशलेखन केलं असेल. पोस्टर म्हणजे तेच, फक्त जास्त निर्दय. तीन फूट बाय चार फूट फ्लेक्स. दहा फुटांवरून वाचता येईल असं शीर्षक, चार फुटांवरून वाचता येईल असा मजकूर. आम्ही आधी बावीसशे शब्द लिहिले होते. आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, पाचशे करा. मग काटछाट सुरू झाली. खाडीचा इतिहास चार ओळींत. कायदा तीन ओळींत. आणि मधोमध लाल रंगात मोठ्ठा आकडा, ६५४.

त्याच दिवशी भारताने जी यादी पाकिस्तानला दिली होती, तिच्यात त्यांचे ३३९ नागरिक आणि ९५ मच्छीमार होते. ही ओळ आमच्या पहिल्या मसुद्यात होती. ती गेली. त्या बाईंचं वाक्यही गेलं. जागा नाही, असं आम्ही एकमेकींना सांगितलं. पण जागा हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं हे की आम्हाला भीती वाटली. आपल्या पोस्टरवर 'त्यांचे' मच्छीमार कशाला, असं कुणी विचारलं तर? परीक्षकांना आवडलं नाही तर? शिवाय ६५४ हा आकडा एकटाच असला की जास्त ठळक दिसत होता. त्याच्या शेजारी ९५ लिहिला की गोष्ट जरा गुंतागुंतीची होत होती, आणि गुंतागुंत दोन मिनिटांत कशी सांगणार?

दुसरी एक गोष्ट आम्ही केली, ती मात्र घाबरून नाही, हौसेने केली. नकाशा फार रिकामा दिसत होता. निळा समुद्र, वर खाडी, बाजूला तीन बंदरांची नावं. मी लॅपटॉपवर खाडीच्या टोकापासून समुद्रात एक छान तिरकी लाल रेघ ओढली आणि तिच्या बाजूला एक छोटी बोट चिकटवली. आता नकाशा बघितल्याबरोबर कळत होतं की बोट रेघेच्या पलीकडे गेली. मैत्रीण म्हणाली, "मस्त." फ्लेक्सवाल्याने साडेचारशे रुपये घेतले.

सत्राच्या दिवशी आम्ही सकाळी साडेआठला पोचलो. बोर्ड क्रमांक २७. दुहेरी टेप, बोर्डपिना, कात्री, पाण्याची बाटली. आमच्या डावीकडे हवामान करारांवर पोस्टर होतं, उजवीकडे एका मुलाने श्रीलंकेतलं आर्थिक संकट मांडलं होतं. सगळ्यांनी इस्त्रीचे कपडे घातलेले, आणि सगळ्यांचे ओठ हलत होते, कारण सगळे पाठ केलेलं परत म्हणत होते.

पहिला अर्धा तास आमच्यापुढे कुणीच थांबलं नाही. तुम्ही कधी प्रदर्शनात स्टॉल लावला असेल तर तुम्हाला ही भावना माहीत असेल. चेहऱ्यावर हसू ठेवून गाल दुखायला लागतात. मग एक एमएचा विद्यार्थी आला, त्याच्यापाठोपाठ दोन मुली, आणि आमची गाडी सुरू झाली. "नमस्कार, आमचा अभ्यास..." चौथ्या वेळी माझा आवाज कापायचा थांबला. सातव्या वेळी मी स्वतःवर खूष होते.

साडेअकराला परीक्षक आले. एक सर आणि एक कायद्याच्या प्राध्यापिका. मॅडमनी आमचं पूर्ण ऐकून घेतलं. मान डोलावली. कलम ७३ वर एक प्रश्न विचारला: "हे आर्थिक क्षेत्रापुरतं आहे. बोट किनाऱ्यापासून बारा मैलांच्या आत पकडली गेली असेल तर?" मैत्रिणीने बरं उत्तर दिलं. म्हणाली की तिथे हे कलम लागू होत नाही, आणि म्हणूनच बोट नेमकी कुठे पकडली हे महत्त्वाचं ठरतं. पण ते सांगणारं तिसरं कुणी नसतं. मॅडमनी काहीतरी लिहिलं. मग पेनचं टोक नकाशावर ठेवलं.

"ही रेघ कुठून घेतलीत?"

मी म्हणाले, "मॅडम, ती आम्हीच काढली आहे. समजायला सोपं जावं म्हणून."

"अच्छा. वर तुम्ही काय लिहिलंय?"

वर, आमच्याच शब्दांत, ठळक अक्षरांत लिहिलं होतं की या समुद्रात दोन्ही देशांना मान्य असलेली सीमा नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "दोन सरकारांना आजवर जी काढता आली नाही, ती तुम्ही काढलीत. आणि बोट पलीकडे ठेवून तिच्यावरचा माणूस चुकलाय हेही ठरवून टाकलंत. उद्या या पोस्टरचा फोटो कुणी काढला, तर बघणारा वरचं वाक्य वाचणार नाही. रेघच बघेल." एवढं बोलून त्या श्रीलंकेकडे वळल्या.

माझे कान तापले. ज्या माणसाच्या बायकोने फोनवर आमच्यावर विश्वास टाकला, त्याला मीच, नकाशा रिकामा दिसतो म्हणून, सीमेपलीकडे नेऊन ठेवलं होतं. मैत्रीण म्हणाली, "जाऊ दे, झालं आता." पण तिचाही चेहरा उतरला होता.

दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी होती. आई डबा घेऊन आली. मी नको म्हटलं होतं, तरी आली. तिला बघायचं होतं की साडेचारशे रुपयांचं काय झालं. पोस्टर इंग्रजीत होतं, तसा नियमच होता. आई मराठी माध्यमातली. ती इंग्रजी वाचते, पण अडखळत आणि प्रत्येक शब्द वाचते. लोक जे दहा सेकंदांत बघून पुढे जात होते, ते तिने दहा मिनिटं वाचलं. मग म्हणाली, "आता मला तू सांग."

मी सांगायला लागले आणि अडखळले. सकाळपासून इंग्रजीत घडाघडा म्हटलेलं मराठीत येईना. 'मेरिटाइम बाउंडरी' म्हणताना काही वाटत नव्हतं. आईला ते सांगताना म्हणावं लागलं, "अगं, समुद्रात रेघ नसते ना. आणि ठरलेलीही नाही. मग त्या माणसाला कळणार कसं आपण कुठे आहोत?" 'कॉन्सुलर अ‍ॅक्सेस' या शब्दांचं तर मला काहीच करता येईना. शेवटी म्हणाले, "आपला अधिकारी तिकडे जाऊन त्याला भेटतो, हा आमचाच माणूस आहे असं सांगतो. ते झाल्याशिवाय सुटका नाही." हे म्हणताना पहिल्यांदा मला त्या भेटीची वाट बघणारा माणूस दिसला. तोवर तो पोस्टरवरचा एक मुद्दा होता.

आईने सगळं ऐकलं, त्या ६५४ कडे बघितलं आणि विचारलं, "आणि त्यांचे आपल्याकडे किती?"

मला आकडा पाठ होता. "पंच्याण्णव," मी म्हटलं.

"मग लिहिला का नाही?"

मी म्हटलं, जागा नव्हती. आईने पोस्टरच्या खालच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे विद्यापीठाचं बोधचिन्ह, आमची नावं, मार्गदर्शकांचं नाव आणि आभार असं सगळं ऐसपैस बसलं होतं. ती काही बोलली नाही. डबा उघडला.

पोळी-भाजी खाताना मी मैत्रिणीला ते वाक्य आठवतं का विचारलं. ती म्हणाली, "तिकडच्या बायकाही अशाच बसल्या असतील." तिलाही ते तोंडपाठ होतं. म्हणजे दोघींच्याही मनात ते राहिलं होतं आणि दोघींनीही एकमेकींना सांगितलं नव्हतं.

दोनच्या आत आम्ही दोन गोष्टी केल्या. मदत कक्षातून पांढरा कागद आणि स्केचपेन आणलं. लाल रेघेवर आणि त्या बोटीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टीवर लिहिलं, 'इथली सीमा ठरलेली नाही.' दुसऱ्या कागदावर ९५ हा आकडा मोठा करून लिहिला, त्याखाली त्या बाईंचं वाक्य, इंग्रजीत आणि गुजरातीत. तो कागद ६५४ च्या शेजारी लावला. निळ्याशार छापील समुद्रावर ती पांढरी पट्टी अगदी फाटक्या कपड्याला ठिगळ लावावं तशी दिसत होती.

दुपारी गंमत झाली. ठिगळामुळे लोक थांबायला लागले. "हे काय झाकलंय?" असं विचारायचे आणि मग आम्ही खरं काय ते सांगायचो, की इथे आम्ही एक रेघ काढली होती आणि ती चूक होती. सकाळी मी पाठ केलेलं म्हणत होते. दुपारी लोकांशी बोलत होते. बोलणं कमी सफाईदार होतं आणि लोक जास्त वेळ थांबत होते.

ज्याची भीती होती तेही झालं. एक मुलगा ९५ वाचून म्हणाला, "यांचं कशाला? आपल्या लोकांबद्दल बोला ना." माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, "हे आपल्याच माणसाच्या घरून आलंय. नवरा कराचीत आहे, त्या बाई असं म्हणाल्या." तो जरा वेळ वाक्य वाचत राहिला. पटलं असं काही म्हणाला नाही. पण गेलाही नाही. त्याने विचारलं, "पगार मिळतो का त्यांना?" आणि मग पाच मिनिटं आम्ही शेठ, बोट आणि पगार यांबद्दल बोललो. मला तेवढं पुरे होतं.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. ते श्रीलंकेला मिळालं आणि योग्यच होतं. आमच्या मूल्यमापनाच्या कागदावर दुपारी फिरलेल्या परीक्षकांनी लिहिलं होतं: 'विषय चांगला. पोस्टर नीटनेटकं नाही.' हे वाचून आम्ही दोघी रिक्षात इतक्या हसलो की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

पुढे मे महिन्यात पाकिस्तानने १९८ भारतीय मच्छीमार सोडले आणि जूनच्या सुरुवातीला आणखी २००. आमच्या पोस्टरचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता, हे वेगळं सांगायला नको. पहिल्या तुकडीला वाघा सीमेवरून अमृतसर, तिथून रेल्वेने बडोदा आणि मग बसने वेरावळ असं नेणार, अशी बातमी आली. बडोदा म्हणजे माझंच गाव. मी आणि आई स्टेशनवर गेलो.

आम्ही लांबच उभ्या होतो. माणसं एकामागोमाग येऊन बसमध्ये चढत होती. हातात पिशव्या. मला वाटलं होतं, कुणी रडेल, कुणी ओरडेल. बहुतेक जण नुसते दमलेले दिसत होते. एका बसच्या खिडकीतून एकाने आईकडे बघून हाताने फोनची खूण केली. आईने माझा फोन घेऊन त्याच्या हातात दिला. त्याने एक नंबर लावला, तो चुकीचा. दुसरा लावला, तोही चुकीचा. तिसऱ्या वेळी लागला. तो एवढंच म्हणाला की बडोद्याला पोचलो, आणि मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. फोन परत देताना त्याने स्क्रीन शर्टाला पुसली.

ज्या बाईंशी आम्ही बोललो होतो, त्यांचा नवरा त्या तुकडीत नव्हता. जूनच्या तुकडीत होता. मैत्रिणीच्या मामांनी कळवलं.

आज मी लिहिण्याचंच काम करते. रोज कुणाच्या तरी लांबलचक गोष्टीचे तीनशे शब्द करते. काटछाट करताना हात कुठे सोपेपणाकडे वळतोय, ते आता मला बऱ्यापैकी कळतं. जे काढून टाकल्यावर चित्र एकदम छान, स्वच्छ दिसायला लागतं, ते मी परत एकदा वाचते. बहुतेक वेळा ते ठेवावंच लागतं.

तुमच्या घरातलं कुणी पोस्टर करत असेल, तर पैसे द्याच. पण छापायला जाण्याआधी त्याला तुमच्यासमोर बसवा आणि म्हणा, "मला आपल्या भाषेत सांग." तो जिथे अडखळेल, तिथे त्याला अजून कळायचं बाकी आहे. आणि मग आईने विचारला तसा एक प्रश्न विचारा. त्यासाठी विषयातलं काही माहीत असावं लागत नाही. पलीकडच्या बाजूचं काय, एवढं विचारलं तरी चालतं. तुम्ही कधी अशा हॉलमध्ये गेलात, तर हसून पुढे जाऊ नका. दोन मिनिटं थांबा. समोरची मुलं सकाळपासून कुणाची तरी वाट बघत उभी असतात.

याद्या अजून येतात. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानकडे आपले २१७ मच्छीमार होते आणि आपल्याकडे त्यांचे ८१. दर वर्षी मी आणि मैत्रीण एकमेकींना नव्या वर्षाच्या शुभेच्छांसोबत हे दोन आकडे पाठवतो, दोन्ही. आमचं पोस्टर आईच्या कपाटावर गुंडाळून ठेवलेलं आहे. मागच्या दिवाळीत साफसफाई करताना ती पांढरी पट्टी सुटून खाली पडली. आईने डिंक आणून ती परत चिकटवली.